बुधवारचा सकाळचा खेळ

कौशल्याबाई देवाकडे कधी रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. काही मागायचं तर आधी आपलं काहीतरी सोडायचं, एवढी त्यांची सरळ समजूत. उत्तरेश्वररावांची कारखान्यातली नोकरी पक्की व्हावी म्हणून त्यांनी एका चातुर्मासात गोड सोडलं होतं, आणि नोकरी पक्की झाली. शुभंकरला लहानपणी कावीळ झाली तेव्हा चहा सोडला. पोरगा उठून खेळायला लागला, चहा मात्र सुटला तो सुटलाच. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत बायका थट्टेने म्हणायच्या, "कौशल्याबाई, अजून दोन-चार नवस बोललात तर नुसत्या पाण्यावर राहाल." त्या हसायच्या. थट्टा त्यांना कळत नव्हती असं नाही, पण देवघरापुढे बसलं की थट्टा आठवत नसे.

माहेर-सासर दोन्ही धाराशिवकडचं. लग्न झाल्यावर पुण्यात आल्या त्या एका खोलीत, आणि त्या खोलीत उत्तरेश्वररावांनी सगळ्यात आधी काय आणलं असेल तर टीव्ही. कुकरसुद्धा नंतर आला. नवरा पाळीला गेला की दुपारी शेजारणी जमायच्या आणि जो सिनेमा लागेल तो बघायच्या. कौशल्याबाई प्रत्येक सिनेमाला रडायच्या. शुभंकर मांडीवर असायचा, तो आधी आईच्या तोंडाकडे बघायचा आणि मग पडद्याकडे, जणू आईला कोण रडवतंय ते शोधायचा. "हे वेड त्याला माझ्याच मांडीवर लागलं," हे त्या अभिमानानेही सांगायच्या आणि अपराध्यासारखंही. कोणत्या दिवशी कसं, ते त्या दिवसावर अवलंबून.

कारण शुभंकर इंजिनियर झाला, हिंजवडीला लागला, रोज सकाळी कंपनीच्या बसने जायला लागला, सगळं सुरळीत झालं, आणि मग एक दिवस राजीनामा देऊन घरी आला. सिनेमा करायचा म्हणाला. स्वतःची शिल्लक घातली, मित्रांची घातली, आणि शेवटी उत्तरेश्वररावांनी काही न बोलता आपल्या फंडातली रक्कम काढून त्याच्या हातात ठेवली. कौशल्याबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "करायलाय तर करू दे की. मी आयुष्यभर दुसऱ्याचे नट-बोल्ट आवळले. त्याचं त्याला काहीतरी करू दे."

सिनेमाचं नाव 'पाणीपाळी'. पुण्याजवळच्या मांजरी गावात चारी बाजूंनी इमारती उठल्यात आणि मधे एकच उसाचं शेत उरलंय. गेनबा नावाचा म्हातारा तिथे रात्री वीज आली की पंप चालू करून पाणी पाजायला जातो, आणि इमारतींतले लोक पंपाच्या आवाजाची तक्रार करतात. एवढीच गोष्ट. कौशल्याबाईंना ती ऐकून माहीत होती. पाहिला नव्हता, कारण शुभंकरचाच हट्ट. "आई, लॅपटॉपवर नाही. तू थिएटरात बघायचा. अंधारात, मोठ्या पडद्यावर, तिकीट काढून." त्यांनाही ते पटलं होतं. इतकी वर्षं थांबल्या, अजून थोडं.

सिनेमा झाला तेव्हा घरातले सगळे कोपरे झाडून झाले होते. आता सगळी भिस्त सरकारच्या अनुदानावर. शुभंकरने जेवताना आईला समजावून सांगितलं होतं. सरकार मराठी सिनेमाला पैसे देतं, पण नंतर. आधी सिनेमा पुरा करा, सेन्सॉरचा दाखला घ्या, दाखल्यापासून वर्षाच्या आत थिएटरात आठवडाभर चालवा. मग समिती बघणार, गुण देणार आणि गुण बरे पडले तर अनुदान.

"म्हणजे परीक्षाच की रे," कौशल्याबाई म्हणाल्या.

"परीक्षाच. फक्त फी आपली, पेपर आपला, शाई आपली, आणि बाकावर बसू देतील की नाही ते शेवटी कळणार."

"आणि नाही मिळालं तर?"

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. "तर हिंजवडी," म्हणाला. "माझा जुना मॅनेजर अजून फोन उचलतो. पण आई, एकदा परत गेलो ना, तर मग मी परत येणार नाही. एवढं अंगावर घेऊन दुसऱ्यांदा नाही व्हायचं माझ्याच्याने."

हे बोलणं कौशल्याबाईंच्या काळजात जाऊन बसलं. म्हणून आषाढी एकादशीला, सोसायटीच्या देवळात भजनी मंडळ जमलं आणि चातुर्मासाचे नेम धरायची वेळ आली, तेव्हा त्या पहिल्यांदा उठल्या. विठ्ठल-रखुमाईपुढे बसल्या, तळहातावर पाणी घेतलं आणि म्हणाल्या, "शुभंकरच्या सिनेमाला यश यावं म्हणून या चातुर्मासात सिनेमा बघणार नाही, मालिका बघणार नाही. पडद्यावरचं काही डोळ्यांनी बघणार नाही." आणि पाणी ताम्हनात सोडलं.

जे सगळ्यात आवडतं ते सोडायचं, हा हिशेब मंडळातल्या सगळ्याच जणींना कळला. सिनेमा तेव्हा मार्गशीर्षात लागणार होता, चातुर्मास संपल्यावर. सगळं जुळत होतं. पूर्णिमाताई म्हणजे मंडळाच्या पेटीवाल्या, माहेर सदाशिव पेठेतलं, जीभ अजून तिथेच राहायला. त्या म्हणाल्या, "चला, मीही सोडते. एवीतेवी त्या मालिकेतली सासू अजून चार महिने मरत नाही." हसणं झालं, आणि मग एकेक करत सगळ्याजणी पुढे आल्या. पोरगा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. सगळ्यांनी शुभंकरचं नाव घेऊन पाणी सोडलं. कौशल्याबाईंना त्या दिवशी देव भरून पावल्यासारखा दिसला.

गणपती आले आणि गेले. विसर्जन झाल्यावर शुभंकर संध्याकाळी घरी आला तो बूट न काढताच खुर्चीवर बसला.

"मार्गशीर्ष गेला," म्हणाला. "दोन मोठे सिनेमे येतायत, सगळे पडदे त्यांनी घेतले. आपल्याला एक सकाळचा खेळसुद्धा देत नाहीत. आणि सेन्सॉरच्या दाखल्याचं वर्ष दसऱ्याला संपतंय, हे मी बघायला हवं होतं. तेवढ्यात नाही लागला तर अर्जच घेणार नाहीत."

"मग?" उत्तरेश्वररावांनी विचारलं.

"एक आठवडा मिळालाय. पितृपक्षातला. तेव्हा कोणी नवीन लावत नाही ना, म्हणून पडदा मोकळा आहे. कोंढव्याकडचा मॉल. रोज सकाळी एक खेळ."

पितृपक्ष ऐकूनच कौशल्याबाईंचा हात थांबला. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला दोन क्षण लागले. चातुर्मास अजून जवळजवळ अर्धा उरला होता.

"आई, तुझं मंडळ आणायचं हं एक दिवस," शुभंकर म्हणाला. "शनिवार-रविवार होऊन जाईल, मांजरीचे लोक टेम्पो करून येतायत. पण मधल्या वारी कोण येणार? सगळे ऑफिसात. आणि हॉल रिकामा दिसला की संपलं. पूर्वी म्हणे लोक स्वतःच तिकिटं घ्यायचे, रिकाम्या खुर्च्यांना सिनेमा दाखवायचे आणि अनुदान उचलायचे. म्हणून आता सरकारचे साहेब स्वतः येऊन बघतात, खुर्चीत खरा माणूस आहे का. कुठल्या दिवशी येतील ते सांगत नाहीत."

"आणते," कौशल्याबाई म्हणाल्या. नेमाचं घरात त्या तोवर बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत. पोरगा आधीच कावलेला, त्यात हे कुठे सांगायचं?

त्यानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. नेम सिनेमासाठीच धरलेला. तो मोडला आणि सिनेमा बुडाला, तर आपण बुडवला. पाळला आणि हॉल रिकामा राहिला म्हणून बुडाला, तरी आपणच बुडवला. पोथी उघडायच्या आणि ओळीवरून बोट फिरत राहायचं, वाचलेलं आत जायचं नाही.

सिनेमा लागला. पहिले दिवस शुभंकर म्हणाला तसे निभावले. सोमवारी त्याचे कॉलेजचे मित्र रजा टाकून आले. मंगळवारी मोजकीच माणसं होती, पण साहेब आले नाहीत. बुधवारसाठी कोणीच नव्हतं. मंगळवारी दुपारी नाजिमा घरी आली. नाजिमाने सिनेमा एडिट केलेला. भवानी पेठेतली मुलगी, शुभंकरबरोबर कॉलेजात होती, कौशल्याबाईंच्या स्वयंपाकघरात थेट ओट्यापर्यंत येणारी. नेमाचं तिला सोसायटीतल्या कुणाकडून तरी कळलं होतं.

"काकू, त्याला सांगितलं नाहीये मी," ती म्हणाली. "पण उद्या तुम्ही आला नाहीत तर हॉलमध्ये मी, तो आणि पॉपकॉर्नवाला. एवढेच."

"अगं, पाणी सोडलंय."

"आमच्यात रोज्याच्या दिवसांत माणूस आजारी असला तर सूट असते. नंतर भरून काढायचा. तुमच्यात असं काही नाही का?"

"असेल. गुरुजींना विचारलं तर सांगतील काहीतरी. पण मी माझ्या तोंडाने बोललेय गं. त्याच्या नावाने बोललेय. सूट घेतली आणि काही वाईट झालं तर मी गुरुजींना धरू का?"

नाजिमाने कपाळाला हात लावला. "काकू, यापेक्षा वाईट काय व्हायचंय?"

नाजिमा गेली, आणि कौशल्याबाई तशाच पायात चपला सरकवून देवळात गेल्या. बायका जमलेल्याच होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. मग एकजण म्हणाली, आपण दारात बसू. दुसरी म्हणाली, दारातली माणसं खुर्चीत कशी मोजतील. वादावादी झाली, पोराचा जन्म मोठा की नेम मोठा इथपर्यंत गोष्ट गेली, आणि पूर्णिमाताई पेटीचा भाता बंद करत म्हणाल्या, "मग डोळे मिटून बसा सगळ्या. खुर्ची भरेल आणि नेमही राहील. तसेही अर्धे पुणेकर नाटकाला जाऊन तेच करतात."

हसणं झालं. कौशल्याबाई हसल्या नाहीत. "डोळ्यांनी बघणार नाही, असंच बोललोय ना आपण?" त्या हळूच म्हणाल्या.

पूर्णिमाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अहो, मी गंमत केली."

"गंमत नका करू. हे होण्यासारखं आहे. डोळे मिटून माळ ओढायची. तेवढा वेळ त्याच्यासाठी जप होईल. खुर्चीत माणूस खरा, जप खरा. खोटं काय आहे त्यात?"

खोटं काय आहे ते कोणालाच सांगता येईना. बुधवारी सकाळी सगळ्याजणी आंघोळ-पूजा उरकून, मंडळाच्या मोतिया रंगाच्या एकसारख्या साड्या नेसून, रिक्षा करून मॉलवर गेल्या. साड्या एकसारख्या का, असं पुढे कोणीतरी विचारलं. घरातून देवाच्या कामाला निघायचं तर मंडळाची साडी नेसायची, ही त्यांची रीत. त्यात कोणी काही ठरवलं नव्हतं.

शुभंकर दारातच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. एवढ्या बायका सरकत्या जिन्यावरून एकमेकींना धरत वर येताना बघून त्याचा चेहरा असा झाला की कौशल्याबाईंना मान वळवावी लागली. तो प्रत्येकीच्या पाया पडला. "काकू, एसी जोरात आहे हं, पदर घ्या." मग आईला म्हणाला, "तू पुढे बस. मधल्या रांगेत, बरोबर मधोमध. तिथून आवाज चांगला येतो."

दिवे मंदावले तसे कौशल्याबाईंनी डोळे मिटले. शेजारी पूर्णिमाताईंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. माळेचा पहिला मणी बोटात आला.

डोळे मिटले तरी कान मिटता येत नाहीत, याचा विचार कुणी केला नव्हता. आधी किडे ओरडायला लागले, मग चिखलात पाय बुडाल्याचा आणि उपसल्याचा आवाज. लांबून लिफ्टची घंटी. पंप खोकल्यासारखा होऊन सुरू झाला आणि पाणी पाटात पडलं. वडिलांच्या शेतातलं पाटाचं पाणी कौशल्याबाईंना अगदी पायाच्या अंगठ्यापाशी लागलं. त्यांना वाटलं, एकदाच. पापणी नुसती किलकिली. देव एवढं बघतो का? माळ पुढे सरकवली.

मग एक बाई बोलली, म्हाताऱ्याची बायको असावी. "दोन घास खाऊन घे आधी. मग जा तिकडं मरायला." कौशल्याबाईंचा मणी हातातच राहिला. हे त्यांचं वाक्य होतं. शुभंकर लिहायला बसला की दाराशी उभं राहून त्या रोज हेच म्हणायच्या, आणि तो "हो हो" म्हणायचा आणि यायचा नाही. तो ऐकत होता तर. जपून ठेवत होता. शेजारी पूर्णिमाताईंचा श्वास किंचित अडखळला, त्यांनाही कळलं असणार. कौशल्याबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरीही त्यांनी ते उघडले नाहीत.

मागे दाराजवळ शुभंकर नाजिमाला हळू आवाजात सांगत होता, तेवढं त्यांना ऐकू आलं. "बघ ना. कोणी मोबाईलसुद्धा काढत नाही. कोणी हलत नाही."

बऱ्याच वेळाने, पंप बंद पडलेला असताना, पापण्यांवर उजेड आला. आधी लाल, मग पांढरा. कोणीतरी रांगेच्या टोकाला मोबाईलचा दिवा घेऊन उभं होतं. दिवा एकेका चेहऱ्यावरून सरकत गेला.

"ताई," पुरुषाचा आवाज, हळू आणि अदबीचा. "ताई, झोपलात का?"

टोकाला बसलेल्या वसुमतीबाई, मंडळात सगळ्यांत वयस्कर. त्या म्हणाल्या, "नाही हो. जागी आहे."

"सिनेमा कसा वाटतोय?"

वसुमतीबाई जन्मात खोटं बोललेल्या नाहीत. "आम्ही बघत नाहीये," त्या म्हणाल्या.

"बघत नाही म्हणजे?"

"नेम आहे आमचा. चातुर्मासाचा."

दिवा जरा खाली आला. मग तो गृहस्थ म्हणाला, "म्हणजे आपण सिनेमाला आलात आणि सिनेमा बघत नाही."

"हो."

"सगळ्याच?"

"हो. मंडळच आहे."

"तुम्हाला कोणी आणलं?"

कौशल्याबाईंनी डोळे उघडले. उजेडाकडे तोंड करून, पडद्याकडे पाठ राहील अशा बेताने त्या उठल्या. "मी आणलं," म्हणाल्या. "मी आई आहे त्याची."

हे बोलताना त्यांना दिसलं ते साहेबांच्या मागे उभ्या शुभंकरचं तोंड. तो साहेबांकडे बघत नव्हता. तो रांगेकडे बघत होता. मोतिया साड्यांतल्या सगळ्या बायका, पडद्याचा उजेड तोंडावर, आणि एकूण एक डोळे मिटलेले.

बाहेर मोकळ्या जागेत साहेब खुर्चीवर बसले आणि गंधारने, म्हणजे थिएटरच्या मॅनेजरने, त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणली. साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. चष्मा पुसत त्यांनी कौशल्याबाईंचं सगळं ऐकून घेतलं. आषाढी, तळहातावरचं पाणी, मार्गशीर्ष, सगळं.

"ताई, माझ्या घरीही चातुर्मास पाळतात," ते म्हणाले. "माझी बायको कांदा-लसूण खात नाही, त्यामुळे मीही खात नाही. तुमची श्रद्धा मला मान्य आहे. पण मी कागदावर काय लिहू ते तुम्हीच सांगा. प्रेक्षक होते, पण त्यांनी बघितलं नाही? एका रंगाच्या साड्या, एकाच देवळातल्या, निर्मात्याच्या आईने आणलेल्या. मला हे वाचणारा माणूस काय म्हणेल?"

"आम्हाला कुणी पैसे दिलेले नाहीत," पूर्णिमाताई म्हणाल्या. "तिकीटसुद्धा जिचं तिने काढलंय."

"मी मानतो. म्हणूनच जास्त अवघड झालंय. पैसे घेऊन आलेल्या बायकांनी निदान पडद्याकडे बघितलं असतं."

पूर्णिमाताईंनी दाखवायला काढलेलं तिकीट परत पर्समध्ये ठेवलं.

"मग आता बघतो आम्ही," कौशल्याबाई एकदम म्हणाल्या. "साहेब, अर्धा राहिलाय ना अजून? आत्ता जाऊन बघतो. उघड्या डोळ्यांनी. नेम मोडला तर मोडला. तुम्ही तिथे उभे राहून बघा आमच्याकडे."

नाजिमा त्यांना आत न्यायला चटकन पुढे झाली. साहेबांनी चष्मा घातला. एवढ्या वेळात ते पहिल्यांदाच कौशल्याबाईंच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत. "ताई, मी आलो तेव्हा काय दिसलं ते मला लिहायचं असतं," म्हणाले. "मी सांगितल्यावर काय झालं ते नाही."

शुभंकर तिथे नव्हता. तो आतच राहिला होता. कौशल्याबाई त्याला शोधायला गेल्या नाहीत. आत जायचं तर आता पडदा दिसला असता, आणि नेम मोडायला तयार झालेल्या त्यांना आता कुठल्या तोंडाने मोडायचा तेही कळेना.

उरलेले दिवस सिनेमा चालला. कोण आलं, कोण नाही, कौशल्याबाईंनी विचारलं नाही. नवरात्र बसलं, दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर शुभंकरच्या मोबाईलवर निरोप आला. पाहणीत प्रेक्षक बनावट असल्याचं आढळलं, सबब सिनेमा समितीपुढे ठेवता येत नाही. शुभंकरने तो वाचून वडिलांकडे दिला, वडिलांनी चष्मा शोधला, वाचला, परत दिला.

"बनावट म्हणजे?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"खोटे," उत्तरेश्वरराव म्हणाले.

त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. उपास म्हणून नव्हे, घास उतरेना. मग मुंबईला जाऊन साहेबांच्या साहेबांना भेटते म्हणाल्या. शुभंकर म्हणाला, "नको आई. तू परत काही करू नकोस. माझ्यासाठी काहीच करू नकोस आता." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे कितीदातरी वाटलं.

दिवाळीनंतर तो हिंजवडीला रुजू झाला. जुन्या मॅनेजरने खरंच फोन उचलला. ज्या पोरांना त्याने शिकवलं होतं ती आता त्याच्या वरच्या जागेवर होती, एवढाच फरक. सकाळी अंधारातच उठायचा, रांगेत उभं राहून बस पकडायचा आणि पुलावरच्या गर्दीत दोन तास झोपायचा. भिंतीवरचं 'पाणीपाळी'चं पोस्टर त्याने काढलं नाही, पण त्याच्या समोर कपड्यांचा स्टँड आणून ठेवला.

देवळात कौशल्याबाई जात राहिल्या. मंडळातलं कुणी त्यांना काही बोललं नाही. पूर्णिमाताई एकदा पेटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मी ती गंमत करायला नको होती." कौशल्याबाईंनी मान हलवली. "गंमत तुमची होती, पण ऐकली मी ना." आणि नंतर बऱ्याच वेळाने, देवाकडे न बघता म्हणाल्या, "त्याने कुठे मागितलं होतं? मीच देऊन बसले."

कार्तिकी एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी नेमाचं उद्यापन. ताम्हनात पाणी सोडून सगळ्या मोकळ्या झाल्या. रविवार होता. कौशल्याबाई घरी आल्या, शुभंकर गॅलरीत मोबाईल बघत बसलेला.

"शुभंकर," त्या म्हणाल्या, "मला तुझा सिनेमा बघायचाय."

त्याने वर न बघता विचारलं, "कशाला? तू बघितलायस की. मधोमध बसून."

त्या उभ्याच राहिल्या. थोड्या वेळाने तो उठला, लॅपटॉप आणला, त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला, सिनेमा लावून दिला आणि चपला घालून खाली निघून गेला.

दुपार होती. बाहेर कुणाच्या तरी घरी काम चाललेलं, टाईल कापायचा आवाज येत होता. खिडकीचा उजेड पडद्यावर पडत होता म्हणून त्यांनी पदर आडवा धरला. किडे ओरडले, चिखलातले पाय आले. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण त्यांनी मनात जो म्हातारा बघितला होता तो हा नव्हता. हा बारीक होता, एकाच बाजूने हसणारा, आणि शेतात खाली बघितलं की इमारतींच्या सगळ्या खिडक्या पाण्यात पडलेल्या दिसायच्या. म्हातारा त्या खिडक्यांमधून पाय टाकत जायचा, आणि खिडक्या फुटून परत जुळायच्या. "दोन घास खाऊन घे आधी," असं ती बाई म्हणाली तेव्हा तिचं तोंड दाखवलंच नव्हतं. नुसता दाराला धरलेला हात. कौशल्याबाईंनी आपल्या हाताकडे बघितलं.

सिनेमा चांगला होता. त्यांनी आयुष्यात इतके सिनेमे बघितले होते की एवढं त्यांना कळत होतं, आणि आईपणा बाजूला ठेवूनही कळत होतं. तो थिएटरात, अंधारात, मोठ्या पडद्यावर बघायचा सिनेमा होता. समितीच्या माणसांनी नुसता बघितला असता तरी झालं असतं. तोवर त्यांना मनात कुठेतरी बरं वाटत होतं, की कदाचित साधाच असेल, गुण पडलेच नसते, आपल्यामुळे काही गेलं नाही. आता तेही उरलं नाही.

शुभंकर दिवेलागणीला आला. लॅपटॉप बंद करून त्यांनी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. तो हात धुऊन स्वयंपाकघरात आला तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या.

"चांगला आहे रे," त्या म्हणाल्या. "फार चांगला आहे."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. त्याने तव्यावरच्या पोळीकडे बघितलं, ती उलटायला झाली होती, ती त्याने बोटांनीच उलटली.

"वाढ लवकर," तो म्हणाला. "सकाळी बस अर्धा तास आधी करून ठेवलीय त्यांनी."

त्यांनी ताट घेतलं.